किल्ल्या कोणाच्या कमरेला?

जुलै २०२५ मध्ये वर्तमानपत्रांच्या अर्थपानांवर एक बातमी आली आणि चार-आठ दिवसांत विरूनही गेली. गुजरातेत वाडीनार येथे नायरा एनर्जी या कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. वर्षाला दोन कोटी टन तेल शुद्ध करण्याची त्याची क्षमता. या कंपनीत रशियाच्या रॉसनेफ्टचा ४९ टक्क्यांच्या आसपास हिस्सा आहे. युक्रेन युद्धापायी युरोपीय संघाने १८ जुलैला निर्बंधांची नवी यादी जाहीर केली, तीत नायराचे नाव आले, आणि लगोलग मायक्रोसॉफ्टने नायराला दिलेली आपली सेवा थांबवली. कंपनी अमेरिकन, निर्बंध युरोपचे, कारखाना भारतातला आणि भांडण रशियाशी! कर्मचाऱ्यांना स्वतःचीच ई-मेलची पेटी उघडेना. परवान्यांचे पैसे पूर्ण भरलेले असताना आमचाच मजकूर आम्हाला मिळत नाही, अशी तक्रार घेऊन नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली. महिना संपण्यापूर्वी सेवा पूर्ववत झाली आणि विषय मिटला.

मिटला असे आपण म्हणतो. मला मात्र या बातमीने सत्तेचाळीस वर्षे मागे नेले. परदेशी तंत्रज्ञान कंपनीने हात काढून घेतला तर इथल्या माणसाचे काय होते, हा प्रश्न या देशाने एकदा सोडवलेला आहे. तो कसा सोडवला, त्याची किंमत काय पडली आणि ते उत्तर आपण पुढे कसे विसरलो, हे आज पुन्हा पाहण्याजोगे आहे.

माझी हयात बँकेत गेली. बँकेत एक साधा नियम असतो. रोकड ठेवण्याच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात; एक अधिकाऱ्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दोघे हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. शिवाय या किल्ल्यांचा दुसरा जोड मोहोरबंद करून दुसऱ्या शाखेत ठेवलेला असतो. यात कोणावर अविश्वास नसतो. माणूस आजारी पडतो, त्याची बदली होते, तो रागावतो, मरतोही; व्यवहार थांबता कामा नये, एवढाच त्याचा अर्थ. यंत्रांच्या आणि देशांच्या बाबतीत हाच नियम लावून पाहिला की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

भाड्याची यंत्रे

आयबीएम ही अमेरिकन कंपनी पन्नासच्या दशकाच्या आरंभी भारतात आली. तेव्हा संगणक हा शब्दही रुळला नव्हता. पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोके पाडून त्यांची छाननी करणारी यंत्रे ती पुरवीत असे. पुढे साठच्या दशकात तिचा १४०१ हा संगणक इकडे आला आणि तेल कंपन्या, गिरण्या, रेल्वे, सरकारी कचेऱ्या यांच्या वातानुकूलित खोल्यांत जाऊन बसला. त्याची स्मृती वाढवून वाढवून सोळा हजार अक्षरांची. म्हणजे हातातला हा लेख तीत जेमतेम मावला असता. तरी त्या काळी ते यंत्र पाहायला माणसे चपला बाहेर काढून जात.

कंपनीची रीत अशी की, यंत्र सहसा विकायचे नाही, भाड्याने द्यायचे. दुरुस्ती तिचीच, सुटे भाग तिचेच, पत्तेही तिचेच. ग्राहकाने भाडे भरावे आणि निवांत राहावे. सेवा उत्तम होती, हे त्या काळच्या यंत्रखोल्यांत काम केलेले सगळेच सांगत. १९६० ते १९७२ या काळात भारतात बसवलेल्या संगणकांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक आयबीएमचे होते.

कुरकुर वेगळ्याच बाबतीत होती. १४०१ हे यंत्र १९५९ साली जगापुढे आले. परदेशात ते जुने होऊन ग्राहकांनी परत केल्यावर भारतात आणून, डागडुजी करून, इथे भाड्याने चढवले जाई. सत्तरच्या दशकात जग दोन पिढ्या पुढे गेले तरी आपण तेच भाडे भरत होतो, आणि ते परकीय चलनाच्या रूपाने बाहेर जात होते. ज्या देशाला धान्याच्या जहाजासाठी डॉलर मोजून ठेवावे लागत, त्या देशात ही गोष्ट डोळ्यांत खुपणे साहजिक होते. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९६६ च्या अहवालात इलेक्ट्रॉनिक्समध्ये स्वावलंबनाचा आग्रह धरला. १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आयोग स्थापन झाला, त्याची सूत्रे एम. जी. के. मेनन यांच्याकडे आली. हैदराबादच्या ईसीआयएलने आपला छोटा संगणक तोवर बनवलाही होता. संसदेच्या लोकलेखा समितीनेही सरकारी खात्यांतील संगणकांचा हिशेब मागताना आयबीएमच्या व्यवहारावर कडक ताशेरे ओढले.

कोणी घालवले?

आयबीएमला जॉर्ज फर्नांडिस यांनी घालवले, असे आपण सरसकट बोलतो. मुंबईकरांना जॉर्ज चांगलेच ठाऊक. १९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडणारा हा माणूस १९७७ मध्ये तुरुंगातून निवडून आला आणि उद्योगमंत्री झाला. कोका-कोला गेली, आयबीएम गेली, आणि दोन्हींचे श्रेय किंवा अपश्रेय त्यांच्या नावावर जमा झाले. आम्ही त्या वेळी कॉलेजात होतो. कोका-कोलाविषयी कॅन्टीनमध्ये तासन्‌तास वाद झाले, कारण ती बाटली आम्ही पाहिली होती. आयबीएमविषयी कोणी अवाक्षर काढले नाही.

खरी गोष्ट अशी की, ज्या कायद्याने हे घडले तो इंदिरा गांधींच्या काळातला. परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेला ‘फेरा’, १९७३ मध्ये संमत झाला आणि १ जानेवारी १९७४ पासून अमलात आला. परदेशी कंपनीने येथील व्यवसायातले आपले भागभांडवल सर्वसाधारणपणे ४० टक्क्यांवर आणावे, उरलेले भारतीयांना विकावे, असा त्याचा रोख. निर्यात करणाऱ्यांना आणि गुंतागुंतीचे तंत्रज्ञान आणणाऱ्यांना त्यात सवलत होती. आयबीएमशी बोलणी जनता सरकार येण्यापूर्वीच सुरू होती. जनता सरकारने ती ताणू दिली नाहीत, एवढेच.

कंपनीची बाजूही समजून घेतली पाहिजे. आपल्या उपकंपन्यांवर शंभर टक्के मालकी हे तिचे जगभरचे धोरण होते. एका देशात बनलेला भाग दुसऱ्या देशातल्या यंत्रात बसे. मध्येच स्थानिक भागीदार आला तर किंमत कोणी ठरवायची, गुपित कोणी सांभाळायचे, हा तिचा प्रश्न. भारतापुढे मान तुकवली तर उद्या दुसरे देशही तेच मागतील, ही धास्ती वेगळीच. सेवेचा धंदा वेगळा काढून त्यात भारतीयांना भागीदारी द्यावी आणि निर्यातीचा कारखाना पूर्ण आपल्याकडे ठेवावा, असा मधला मार्ग तिने सुचवला. तो सरकारला पटला नाही. नोव्हेंबर १९७७ मध्ये कंपनीने निर्णय जाहीर केला आणि जून १९७८ पर्यंत आपला गाशा गुंडाळला.

ही एकच वाट होती असेही नाही. संगणकांच्याच धंद्यातल्या आयसीएल या ब्रिटिश कंपनीने अट मान्य केली. तिच्या येथील वंशातूनच पुढे पुण्याची झेन्सार निघाली. कोलगेटने १९७८ मध्ये आपला हिस्सा उतरवला आणि शेअर लोकांना विकले. सरकारच्या भांडवल नियंत्रकाने ठरवलेल्या स्वस्त भावात असे शेअर मिळाले म्हणून मुंबई-पुण्यातल्या कितीतरी मध्यमवर्गीय कुटुंबांनी त्या काळात पहिल्यांदा शेअरचा कागद पाहिला. मुलीच्या लग्नाला ते कागद कामी आल्याचे सांगणारे खातेदार मी स्वतः पाहिले आहेत. ज्या कायद्याला आज आपण नाके मुरडतो, त्याने कोणाकोणाचे घर सावरले याचीही नोंद असावी.

यंत्रे थांबली नाहीत

आता मुख्य मुद्दा. आयबीएम गेली तेव्हा शेकडो ठिकाणी तिची यंत्रे चालू होती. पगारपत्रके, बिले, रेल्वेचे हिशेब सगळे त्यांवर. कंपनी गेल्यावर ती बंद पडायला हवी होती. पडली नाहीत. याचे कारण स्वदेशीच्या घोषणांत नाही. सरकारने १९७५ मध्येच, म्हणजे कंपनी जाण्याच्या तीन वर्षे आधी, संगणकांच्या देखभालीसाठी एक महामंडळ काढून ठेवले होते. तेच पुढे सीएमसी या नावाने ओळखले गेले. आयबीएममध्ये तयार झालेले काही अभियंते या महामंडळात आले, काहींनी आपली स्वतंत्र कंपनी काढली. सुटे भाग जमवले, नकाशे अभ्यासले आणि यंत्रे पुढे कित्येक वर्षे चालवली. दुसऱ्या शाखेत ठेवलेला किल्ल्यांचा जोड तो हाच!

याच सीएमसीने पुढे १९८६ च्या सुमारास दिल्लीत रेल्वेचे संगणकीय आरक्षण उभे केले. गाडीच्या तिकिटासाठी आदल्या रात्रीपासून रांगेत झोपलेल्या पिढीला त्याचे मोल वेगळे सांगायला नको. परक्या यंत्राची नुसती दुरुस्ती करता करता माणसे स्वतःचे काही उभारण्याइतकी तयार झाली. दुरुस्ती ही दुय्यम विद्या आहे असे आपल्याकडे उगाच मानतात. यंत्र उघडून पाहणारालाच ते खरे कळते.

अर्धसत्ये आणि किंमत

आयबीएम गेली म्हणून इन्फोसिस, विप्रो उभ्या राहिल्या, असे एक लाडके कथानक आपल्याकडे आहे. ते अर्धे खरे आहे. मोठे झाड हटले की खालच्या रोपांना ऊन मिळते, हे खरेच. १९७६ मध्ये स्थापन झालेली एचसीएल, डीसीएम, आणि पुढे वनस्पती तुपाच्या धंद्यातून आलेली विप्रो, यांना छोट्या संगणकांची बाजारपेठ मोकळी मिळाली. एकाच कंपनीची सद्दी संपल्याने इथल्या तरुणांना तऱ्हेतऱ्हेच्या यंत्रांवर काम करावे लागले, आणि एका यंत्रावरचे काम दुसऱ्यावर नेऊन बसवण्याचे कसब त्यांच्या अंगी आले. हे कसब पुढे परदेशांत डॉलरच्या भावाने विकले गेले.

पण टीसीएस १९६८ ची आहे. परदेशी ग्राहकांचे काम ती आयबीएम जाण्यापूर्वीच करू लागली होती. इन्फोसिसची नोंदणी १९८१ साली पुण्यात झाली, आणि ती नावारूपाला आली ती नव्वदच्या दशकात, आयात खुली झाल्यावर, सॉफ्टवेअर पार्क निघाल्यावर. मधली वर्षे कशी गेली? संगणक आयात करायचा तर परवाना, परवान्यासाठी दिल्लीच्या फेऱ्या, वर जबर जकात. यंत्र इथे नाही म्हणून आपली हुशार मुले परदेशी ग्राहकाच्या दारात जाऊन काम करू लागली आणि त्यातली पुष्कळशी तिकडेच राहिली. ज्या घरांतून ती गेली, त्या घरांना या धोरणाची किंमत विचारावी.

माझ्या व्यवसायात ही किंमत मी रोज पाहिली. मी १९८२ साली बँकेत लागलो. खातेवह्या हाताने भरायच्या, सहामाहीला व्याज हाताने लावायचे, चार आण्यांचा फरक सापडेना म्हणून रात्री दहापर्यंत शाखेत बसायचे. १९८३ मध्ये यांत्रिकीकरणाबाबत कामगार संघटनांशी करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि मग खाते नोंदवणारी यंत्रे मोजक्या शाखांत, एकेक करून आली. संघटनांचा विरोध होता. यंत्र आले की माणूस जाणार, ही भीती. त्या भीतीला हसण्याचे कारण नाही. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली. आपल्याकडे यंत्राचे भय आणि परक्याचे भय ही दोन्ही एकाच पोतडीत बांधली गेली, आणि त्या पोतडीच्या ओझ्याखाली सामान्य खातेदार पंधरा-वीस वर्षे काउंटरपुढे ताटकळत उभा राहिला.

आणखी एक अनुभव सांगतो. आमच्या शाखेत बसवलेले यंत्र अस्सल देशी बनावटीचे होते. ऐन सहामाहीच्या तोंडावर ते बसले. दुरुस्त करणारा माणूस तिसऱ्या दिवशी आला. आतला कार्यक्रम कंपनीने कुलूपबंद ठेवलेला, त्यामुळे आमच्यातल्या एका हुशार कारकुनाला बिघाड कळूनही हात लावता येईना. आमच्या हेड क्लार्कनी जुन्या खातेवह्या बांधून माळ्यावर टाकल्या नव्हत्या, त्या आदल्या दिवसापर्यंत भरलेल्या होत्या, म्हणून पेन्शनरांना पैसे मिळाले. तेव्हापासून मी एक धडा गाठीला बांधला आहे. कुलूप स्वदेशी असले तरी कुलूपच असते. मालक कोण, याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असा की, मालक नसताना आपले काम चालते का?

पाहुणा परतला

१९८४ च्या संगणक धोरणाने दार किलकिले केले, १९९१ ने ते उघडले. आयबीएम १९९२ मध्ये परत आली, आणि गंमत पाहा, आली ती टाटांशी निम्मी-निम्मी भागीदारी करून. १९७८ मध्ये जी अट तिला अपमानास्पद वाटली होती, तिच्या जवळपासची व्यवस्था तिने आपण होऊन पत्करली. १९९९ मध्ये तिने टाटांचा हिस्सा घेऊन टाकला. २००४ मध्ये भारती या दूरध्वनी कंपनीचे अवघे संगणकीय काम दहा वर्षांसाठी तिच्याकडे गेले. २०१७ पर्यंत तिचे भारतातले कर्मचारी अमेरिकेतल्यांहून अधिक झाले होते. जिला आपण घालवले तिच्याच कचेऱ्यांत आपल्या मुला-मुलींनी गृहकर्जाचे हप्ते फेडण्याइतके पगार मिळवले. यात लाजण्यासारखे काही नाही. कालमान बदलते, गरजा बदलतात.

पण सीएमसीचे काय झाले? २००१ मध्ये सरकारने तिचा ताबा टाटांना विकला, आणि २०१५ मध्ये ती टीसीएसमध्ये विलीन झाली. व्यवहार म्हणून तो चोखच होता. मात्र सार्वजनिक हितासाठी किल्ल्यांचा दुसरा जोड सांभाळायचा, हे जे काम तिच्या जन्माचे कारण होते, ते कोणाकडे सोपवले याची विचारपूस कोणी केल्याचे स्मरत नाही.

आजचा हिशेब

आज यंत्र आपल्या खोलीतही नाही. १९७८ मध्ये कंपनी गेली तरी लोखंड इथे उरले होते; ते उघडून दुरुस्त करता आले. आता सगळे दूरच्या संगणकांवर, म्हणजे ज्याला ‘क्लाउड’ म्हणतात त्यावर. तिथला माणूस बटण बंद करतो आणि आपल्या हाती दुरुस्त करायलाही काही राहत नाही. नायराला जे काही दिवस भोगावे लागले त्याचा अर्थ हा.

पूर्वतयारीचा उपयोग किती, याचे अलीकडचे उदाहरण रशियाचे आहे. युक्रेनवरच्या आक्रमणाचे समर्थन कोणी करू नये. पण हिशेबनीसाने हिशेब पाहावा. २०१४ च्या निर्बंधांनंतर रशियाने कार्डांच्या व्यवहारांची आपली देशांतर्गत यंत्रणा उभारली. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी तिथले काम थांबवले, तेव्हा त्या कार्डांनी परदेशात दगा दिला, पण देशातल्या देशात वाणसामानाचे पैसे देता येत राहिले.

आपणही काही केले आहे. २०१२ मध्ये रुपे कार्ड आले. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पैशांच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिला. तो पाळला नाही म्हणून २०२१ मध्ये मास्टरकार्डला नवे ग्राहक घेण्यास मनाई केली आणि पूर्तता झाल्यावर २०२२ मध्ये ती उठवली. ना हाकलले, ना डोक्यावर बसवले. मला ही रीत ‘फेरा’हून शहाणी वाटते. यूपीआयची यंत्रणाही आपलीच. पण भाजीवाल्याच्या गाडीवरचा तो चौकोन आपण ज्या ॲपने टिपतो, त्यांपैकी फोनपे आणि गूगल पे या दोन्हींच्या मागे अमेरिकन मालकी आहे, आणि यूपीआयच्या व्यवहारांचे ऐंशी टक्क्यांच्या आसपास प्रमाण या दोघांकडे आहे. एका ॲपकडे तीस टक्क्यांहून अधिक व्यवहार नसावेत, असा नियम २०२० मध्ये झाला. त्याची मुदत दोनदा वाढवून डिसेंबर २०२६ अखेरवर नेली गेली. रस्ता आपला, पण गाड्या दुसऱ्याच्या, अशी ही अवस्था आहे.

याचा अर्थ परक्यांना घालवा असा कोणी काढू नये. घालवून काय मिळते आणि काय गमावते, ते आपण एकदा पाहिले आहे. मागणी एवढीच की, जे रुग्णालय, जी बँक, जी महापालिका, जी वीज कंपनी आपला कारभार दुसऱ्याच्या यंत्रावर चालवते, तिने वर्षातून एकदा जाहीर सांगावे: हा पुरवठादार उद्या गेला तर आमचे काम किती दिवसांत आणि कोणाच्या हातून पुन्हा सुरू होईल? माहितीची प्रत कोठे आहे? ती वाचता येईल असे यंत्र आपल्याकडे आहे का? हे प्रश्न संसदेत विचारावेत, भागधारकांच्या सभेत विचारावेत, आणि आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेतही विचारायला हरकत नाही. तिचेही हिशेब आता कोणाच्या तरी ॲपवरच असतात. घरच्या घरीही बघावे. नातवंडांचे फोटो, घराचे खरेदीखत, आजारपणाचे कागद यांची एक प्रत आपल्या कपाटात आहे ना?

कंपन्या येतील, जातील, पुन्हा येतील. आयबीएमने हे तिन्ही करून दाखवले. ती गेली तेव्हा देशाची कामे खोळंबली नाहीत, कारण कोणीतरी तीन वर्षे आधी, गाजावाजा न करता, किल्ल्यांचा दुसरा जोड करून ठेवला होता. त्या कामाला ना मोर्चा लागला, ना घोषणा. आज तसा जोड कोणाच्या कमरेला आहे, हे विचारण्याची वेळ झाली आहे, आणि ती सेवा बंद पडण्याच्या आधीची असलेली बरी.